गळणारी मडकी

कुंभारवाडी, ता. खेड
१४ डिसेंबर २०२४

ती. नितेशदादास,
मथुराचा नमस्कार.

इकडे सगळे बरे. आबांचा खोकला थांबलाय, माती मळायला पुन्हा बसतात. फोनवर गावी यायचा विषय निघाला की तुझी रेंज जाते, म्हणून कागद घेतला. आता वाचल्याशिवाय सुटका नाही.

मी पाणी गाळायची मडकी करायला शिकले, हे वेदिकावहिनीला सांगितलं होतं. मातीत भाताचं बारीक चाळलेलं तूस मिसळायचं. भट्टीत तूस जळून जातं आणि जिथे होतं तिथे डोळ्याला न दिसणारं भोक राहतं. पाणी झिरपतं, जंतू अडकतात. वरून चांदीच्या पाण्याचा हात फिरवला की उरलेसुरलेही मरतात.

पहिली सगळी मडकी आबांनी फोडली. पाणी भरून ठेवून मी विहिरीवर गेले, परत येते तर अंगणभर खापऱ्या. बुडातून ठिबकताना पाहिली ना त्यांनी. आपल्या घरातून गळकं मडकं बाहेर जात नाही, तुला ठाऊक आहे. ते रागावलेही नव्हते, माझी लाज झाकली असंच त्यांना वाटत होतं. मी खापऱ्या गोळा केल्या आणि पुन्हा तूस चाळायला बसले.

दुसऱ्या भट्टीनंतर त्यांच्यासमोर तपासणीच्या दोन बाटल्या भरल्या. एकीत आपल्या विहिरीचं पाणी, दुसरीत तेच मडक्यातून गाळलेलं. पाणी वाईट असलं की बाटली काळी पडते. विहिरीची शाईसारखी झाली. दुसरी होती तशीच. दादा, माझ्या अंगावर काटा आला. आपली माती, आपल्याच शेतातलं तूस, आणि त्यातून हे!

आबा दोन्ही बाटल्या उजेडात धरून कितीतरी वेळ बसले. मग म्हणाले, "त्या दिसा पोरीला तांब्या मीच दिलेला."

हे मी लिहिणार नव्हते. तुझी आरोही इथे आली असताना तिला टायफॉइड झाला तो बर्फाच्या गोळ्याने, असंच ते आजवर सांगत आले. तू तिला आणायचं बंद केलंस, त्यावर तुम्ही दोघंही एक शब्द बोलला नाहीत.

मग त्यांनी स्वतः तूस चाळून एक मडकं केलं. भाजून निघाल्यावर पाणी भरलं आणि पहिला थेंब पडेपर्यंत समोर हात जोडून बसले. त्याचीही बाटली स्वच्छ राहिली. तेव्हा मला हाक मारून म्हणाले, "नितेशला लिव, पोरीला घेवन ये. पानी मी बघतंय."

आबांच्या सांगण्यावरून, आणि माझ्याही मनातून,
तुझी मथुरा