घोट्याजवळची अरुंद पट्टी

प्रिय धाकट्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "ताई, तुझा कॉम्प्युटर तुझ्याहून घाबरट आहे," म्हणतोस, हसतोस आणि फोन ठेवून शिडी चढायला मोकळा होतोस. म्हणून हे पत्र. बसून वाच.

तुझं हे कृत्रिम पाऊल कसं तयार झालं ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. त्यात ना स्क्रू, ना खिळा, ना बिजागरी. एकच सलग तुकडा, आणि जिथे वाकायला हवं तिथे तो नुसता बारीक केलेला. किती बारीक, हे मी नाही, प्रोग्रामनं ठरवलं. मी त्याला सांगायचं: वजन इतकं, चाल अशी, आता लागेल तेवढंच ठेव. तो हजारो आकार करून बघतो आणि न लागणारा कण न् कण खरवडून टाकतो. इतका चिकट प्राणी मी दुसरा पाहिला नाही. जे सांगितलं नाही, त्यासाठी तो काहीही राखून ठेवत नाही.

चाल तुझीच दिली होती. आयुष्यभर भिंती रंगवत शिड्यांवर माकडासारखा वावरलेला तू, त्या दिवशी लॅबमधल्या सपाट पट्ट्यावर परीक्षेला बसल्यासारखा शहाण्या पोरागत चाललास. त्या चालीनं यंत्रानं ते पाऊल वीस लाख वेळा वाकवलं. काही झालं नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या.

गेल्या महिन्यात तुझ्या बायकोनं कौतुकानं व्हिडिओ पाठवला. तू शिडीवर, हातात डबा, सगळा भार चवड्यावर, आणि वर कोपऱ्याकडे वळताना घोट्याला पीळ. मी तसाच भार देऊन यंत्र पुन्हा लावलं. घोट्याजवळची पट्टी एक्केचाळीस हजाराव्या खेपेला तुटली. वहीत तुझे आकडे मांडले: त्या पावलावर दिवसाला दोनशे पायऱ्या, रविवार सोडून सात महिने, साधारण छत्तीस हजार. जीव भांड्यात पडला. पण एका चाचणीवर विश्वास ठेवायची माझी सवय नाही. तसंच दुसरं पाऊल लावलं. ते तेहतीस हजारांना गेलं. आधी तडा नाही, आवाज नाही. एका खेपेला वाकलं, पुढच्या खेपेला तुटून पडलं होतं.

हे पाऊल वापरणारा तू एकटाच आहेस.

आता जे लिहायला चार दिवस लागले ते. त्या दिवशी मोजणी संपल्यावर, नमुन्याचं पाऊल न काढताच, तू भिंतीला टेकवलेल्या शिडीवर सरसर चढलास आणि वरून ओरडलास, "ताई, बघ!" मी बघितलं. मोजणीची यंत्रं बंद झाली होती. पुन्हा सुरू करायला पाच मिनिटं लागली असती. पण तो भार धरला असता तर पाऊल जाड, जड झालं असतं, आणि अपघातानंतर मी तुला पहिल्यांदा हसताना बघत होते. डायरीत "शिडी" असं लिहिलं आणि खोडलं. उद्या लॅबच्या साहेबांना हे सगळं सांगणार आहे, त्याआधी तुला. तू नुसता त्या पट्टीवर चढत नाहीस रे, माझ्या भरवशावर चढतोस. तो भरवसा मी परत मागतेय. पाऊल आत्ताच काढ.

अजूनही तुझीच,
ताई