पहिल्या नंबरचा पंच

सोमवार, ५ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

आधी चष्मा लाव, खुर्चीत नीट बस आणि मग पुढे वाच. येत्या रविवारी, म्हणजे अकरा तारखेला, दुपारी चार वाजता तू टीव्हीवर दिसणार आहेस! थट्टा नाही. जुन्या मैदानी स्पर्धांच्या फिल्म दाखवणारा एक कार्यक्रम असतो, तो मी सहसा चुकवत नाही. काल शेवटी पुढच्या भागाची झलक दाखवली आणि बघतो तर आपलं मैदान! मुलींची चारशे मीटरची शर्यत, पन्नास वर्षांपूर्वीची. वळणावर तू. माझी खाकी चड्डी नाडीने आवळून बांधलेली आणि दोन्ही कोपरं बाहेर. मी असा काही ओरडलो की तुझी वहिनी डोक्याला साबण तसाच ठेवून धावत आली. तिला वाटलं, मी पडलो.

चार सेकंदांत सगळं संपलं आणि लगेच दंतमंजनाची जाहिरात. निवृत्त झाल्यापासून मी या टीव्हीशी रोज भांडतो. बातम्यांत सहा जण एकदम बोलतात आणि सातवा त्यांना गप्प बसवायला सगळ्यांच्या वर आवाज काढतो. माझ्या आठवीच्या वर्गात असं झालं असतं तर सातही जण बाकावर उभे राहिले असते. इतिहासाच्या मालिकांत राजे लढाईवरून परततात ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत. खेळ मात्र बघावेत. आता धावणाऱ्याचं नाक आधी पोचलं की हनुवटी, हेही फोटोत दिसतं. आमच्या वेळी असलं यंत्र कुठलं? जे काय होतं ते मी होतो.

तुला सगळं पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो, कारण आता ते कामाचं आहे. शेवटच्या रेषेपाशी लाकडी पायऱ्या आणि त्यांवर आम्ही तीन पंच. प्रत्येकाला एकेक नंबर वाटून दिलेला, माझ्याकडे पहिला. रेषेवर ताणलेली लोकरीची फीत कुणाच्या छातीने तुटते तेवढं बघायचं. नेमलेला पंच तापाने आडवा झाला म्हणून चोवीस वर्षांच्या मला वर चढवलं. माझी बहीण धावतेय असं मी सांगितलं होतं. कमिटीवाले म्हणाले की तुम्ही इतिहासाचे मास्तर, तुम्ही खोटं कशाला बोलाल. तू आणि ती लांब वेणीवाली बरोबरच आलात आणि फितीसकट एकमेकींच्या अंगावर कोसळलात. मी वेणीवालीचं नाव घेतलं. दुसऱ्या नंबरच्या पंचाने माझ्या तोंडाकडे बघून उरलेलीचं, म्हणजे तुझं, लिहून टाकलं.

परवा मैदानाचे सेक्रेटरी घरी आले होते. नव्या इमारतीत जुन्या विजेत्यांची संगमरवरी पाटी लागणार आहे. आपल्या वर्षाची नोंदवही वाळवीने खाल्ली आणि बाकीचे दोन्ही पंच केव्हाच गेले. तेव्हा पहिली कोण आली ते मी सहीनिशी लिहून द्यायचं, अठरा तारखेपर्यंत. वेणीवालीही दोन वर्षांपूर्वी गेली. पाटी कधी लागणार म्हणून तिच्या मुलीचे फोन येतात म्हणे.

आता मनातलं सांगतो. मी डोळ्यांत तेल घालून बघितलं होतं, त्याबद्दल शंका नको. निःपक्षपाती साक्षीदार म्हणजे काय, हे शिकवताना दरवर्षी मी वर्गात हीच गोष्ट सांगायचो. पण अंतर बोटभर होतं, आणि त्या बोटभर जागेत माझी भीती तर शिरली नसेल? तुझं नाव घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, भावाने बहिणीला जिंकवलं. त्या धाकाने मी तुझ्या हक्काचं तुझ्याकडून काढून घेतलं का? पन्नास वर्षं हा किडा माझं डोकं पोखरतोय. आता पुरावा येतोय, खारूताई! तू पुढे दिसलीस तर तुझं नाव संगमरवरात कोरून घेतल्याशिवाय राहणार नाही.

फोन करू नकोस. मला त्यात नुसती घरघर ऐकू येते आणि मग आपण दोघंही ओरडत बसतो. मेहुण्यांना नमस्कार. तुझ्यावरचा माझा लोभ एवढ्या वर्षांत बोटभरही सरकलेला नाही, तुझाही जागेवर असू दे.

तुझा
दादा


बुधवार, ७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी पडदे धूत होते. हातातला पडदा तसाच बादलीत राहिला. ह्यांनी पत्र वाचलं आणि तासाभरात सगळ्या बिल्डिंगला बातमी! तळमजल्यावरचा शिंपी तर रविवारी दुकान बंद ठेवणार आहे. माझ्या नातीला तिच्या आजीने आयुष्यात कधी चड्डी घातली होती यावर विश्वासच बसत नाही.

पण दादा, तू उगाच जुनी ट्रंक उपसत बसू नकोस. तेव्हा वेणीवालीचं नाव जाहीर झालं होतं, तेच लिही, सही ठोक आणि मोकळा हो. संगमरवरातली नावं गेलेल्या माणसांना शोभतात. मला अजून गुडघे शेकायचे आहेत.

शिवाय यात माझं नुकसान किती, याचा विचार केलास का? आजवर दिसेल त्याला मी तुझी ओळख करून दिली ती पहिला नंबर गिळून ढेकरही न देणारा भाऊ अशी. उद्या पाटीवर माझंच नाव लागलं तर मी बोलू काय? माझ्या तोंडचा घास काढू नकोस.

रविवारी मी कार्यक्रम बघेनच असं नाही. चारला वरच्या मजल्यावरच्या आजींचं ब्लडप्रेशर बघायचं असतं. मी तीस वर्षं दवाखान्यात नर्स होते हे बिल्डिंगला कळल्यापासून माझी निवृत्ती कागदावरच आहे. तू गोळ्या वेळेवर घे. वहिनीने कळवलंय की हल्ली रिमोट उशाखाली घेऊन झोपतोस. तिला तिची मालिका बघू देत जा. बाकी लोभ आहेच. भांडताना थोडा बाजूला ठेवू, पण संपवायला नको.

तुझी
खारू


रविवार, ११ फेब्रुवारी, संध्याकाळ

चि. खारूताईस,
आशीर्वाद. वि. वि.

घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.

साडेतीनपासून खुर्ची टीव्हीच्या नाकाला लावून बसलो होतो. शेजारपाजारचे आठ-दहा जण आलेले. पिस्तुलाचा धूर दिसला आणि तुम्ही सुटलात. काय धावलीस गं! वळणापर्यंत तिसरी होतीस, मग एकीला मागे टाकलंस, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात तू आणि वेणीवाली खांद्याला खांदा. मी शेजाऱ्यांच्या मांडीवर थापा मारून तुझ्या नावाने ओरडत होतो. पन्नास वर्षांपूर्वी लागलेला निकाल आता बदलणार असल्यासारखा! बिचाऱ्यांनी मांडी हलवली नाही.

कॅमेरा रेषेच्या पलीकडून, तुम्हाला समोरून बघणारा. डाव्या बाजूला आमच्या पायऱ्या. आणि तुम्ही फितीशी पोचणार तेवढ्यात पुढ्यातल्या एका लठ्ठ गृहस्थाने उन्हासाठी छत्री उघडली! फीत, तू, ती, सगळं छत्रीआड. मी त्या गृहस्थाला इथून शिव्या घातल्या.

पण छत्रीच्या डाव्या बाजूला पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. खालचे दोन पंच माना पुढे काढून बघताहेत. सगळ्यात वर एक काटकुळा तरुण बसलाय आणि त्याचे डोळे गच्च मिटलेले आहेत. कडू औषध घेताना पोरं मिटतात तसे. तो मी आहे, खारूताई.

गळ्याशपथ सांगतो, मला हे आठवतच नव्हतं. डोळ्यांत तेल घालून बघितल्याची गोष्ट मी इतक्या वर्गांना इतक्या वेळा सांगितली की ती मलाच खरी वाटायला लागली. ज्या मास्तरने जन्मभर पोरांकडे पुरावा मागितला, त्याच्याकडे स्वतःच्या आयुष्यातल्या एकुलत्या एका साक्षीचा पुरावा नव्हता. डोळे उघडले तेव्हा तुम्ही दोघी मातीत पडल्या होतात आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वेणीवालीचं नाव बाहेर पडलं, कारण तुझं घ्यायची माझी छाती नव्हती. शेजारी टाळ्या वाजवून गेले, मी तसाच बसून राहिलो. मला माझीच शरम वाटते.

न बघता दिलेला निकाल हा निकालच नव्हे. ज्यांनी बघितलं असेल त्यांतली आता तू एकटीच उरली आहेस, आणि तू तर पहिल्यापासून म्हणत आलीस की नंबर तुझा होता. म्हणून आत्ताच तुझं नाव लिहिलं, सही केली आणि पाकीट चिकटवलं. अठराला सेक्रेटरी येऊन नेतील. येत्या शनिवारी सकाळी अकराला हाच भाग पुन्हा दाखवणार आहेत, पण मी बघणार नाही. स्वतःला एकदा बघितलं तेवढं पुरे झालं. या आंधळ्या पंचावर लोभ ठेवता आला तर ठेव.

तुझा
दादा


बुधवार, १४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आधी ते पाकीट फोड. फोडलंस? मग आता पुढे वाच.

सकाळपासून तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तू मला सेक्रेटरी समजून अठरा तारखेला या म्हणालास आणि फोन ठेवलास. वहिनीकडे निरोप देता आला असता, पण हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको होतं. म्हणून पत्र घेऊन स्वतः पोस्टात निघाले आहे, उद्या-परवा हातात पडेल.

दादा, मी जिंकले नव्हते. वेणीवालीच जिंकली.

शेवटच्या दहा पावलांत मी तिच्या अर्धं पाऊल पुढे होते. सरांनी बजावलं होतं की फितीवरची नजर काढायची नाही. मी काढली. मला बघायचं होतं की माझा दादा मला कसा बघतोय. आणि तू वर बसलेला, डोळे गच्च मिटून, ओठ पुटपुटत! मला असं हसू आलं दादा, आणि हसू आलं की पायांतलं बळ जातं. तेवढ्यात ती पुढे गेली. फीत तिच्या छातीने तुटली. माझ्या दंडाला लागलं ते तुटलेलं टोक. तू डोळे मिटून दिलास, पण निकाल खरा दिलास.

पहिले आठ दिवस सांगितलं नाही ते रागाने. हरण्याचं खापर फोडायला तू बरा सापडला होतास. मग घरात माझं शिक्षण बंद करायचं ठरलं. तू तीन दिवस जेवला नाहीस. बाबांना म्हणालास की हिच्या हक्काचं एक मी काढून घेतलंय, दुसरं कुणाला काढू देणार नाही. मी दाराआड उभी राहून ऐकत होते. तेव्हा खरं सांगितलं असतं तर तू भांडणं सोडून देशील, अशी भीती वाटली. सतरा वर्षांच्या पोरीची अक्कल! मी नर्स झाले ती त्या तीन दिवसांमुळे. नंतर सांगायला तोंड राहिलं नाही आणि मग थट्टेची सवयच लागली. मला वाटायचं, तूही हसतोस. तो किडा तुझं डोकं पोखरतोय हे तू लिहिलंस, आणि तरीही मी उलट टपाली थट्टाच केली. माझं चुकलं. फार चुकलं.

एक मात्र तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं. तीस वर्षं मी सुया टोचल्या. पेशंट सहसा डोळे मिटत नाही. मिटतात ती त्याच्या सोबत आलेली माणसं. तेव्हा शरम वगैरे काही बोलू नकोस.

तिच्या मुलीला आईचं नाव पाटीवर दिसू दे. शनिवारी कार्यक्रम पुन्हा लागेल तो बघ. मी रविवारी सगळ्यांबरोबर बसून बघितला, आजींचं ब्लडप्रेशर हे निमित्त होतं. आज लोभ मागायचा मला हक्क नाही. उरला असेल तर राहू दे.

तुझी
खारू


शनिवार, १७ फेब्रुवारी, दुपार

चि. खारूताईस,
अनेक अनेक आशीर्वाद!

पाकीट फोडलं. वेणीवालीचं नाव लिहून नवं पाकीट केलं. सेक्रेटरींना उद्यापर्यंत थांबवलं नाही, रिक्षा करून स्वतः नेऊन दिलं आणि अकराच्या आत घरी परतलो.

आणि दिसलं! मागच्या रविवारी मी फक्त स्वतःलाच बघत बसलो होतो. आज पायऱ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही, तुझ्यावर नजर ठेवली. छत्री उघडण्याआधी तू मान वळवतेस आणि हसतेस! सगळे दात दिसताहेत, वरचा पडलेलासुद्धा. तुझ्या वहिनीला विचारलं तर म्हणते, तिने हे रविवारीच बघितलं होतं. जिंकण्याच्या आनंदात हसतेस असं तिला वाटलं. मी टीव्हीसमोर रडलो आणि हसलो, दोन्ही एकदम. तिने रिमोट माझ्या हातातून काढून घेतला आणि आवाज कमी केला.

तुझ्या शिक्षणाचं म्हणशील तर, अगं वेडे, तू शेवटची आली असतीस तरी मी भांडलो असतो. बाबांना कारण फक्त दुसरं सांगितलं असतं. आणि माझी ओळख तू करून देतेस तशीच देत जा. आता ढेकर द्यायला मी मोकळा आहे.

पुढच्या रविवारी, पंचवीसला, पाटी लागणार. सकाळी नऊ वाजता. तुम्ही दोघं आदल्या दिवशीच या. मी सेक्रेटरींकडून कबूल करून घेतलंय की रेषेवर लोकरीची फीत ताणायची. एक टोक वेणीवालीच्या मुलीच्या हातात, दुसरं तुझ्या वहिनीच्या. छत्री कुणालाही आणू द्यायची नाही. तू गुडघे सांभाळत, लागेल तेवढा वेळ घेत, शेवटची दहा पावलं चालत ये. लोभ उरलाय का ते तिथेच समोरासमोर विचार.

मी वरच्या पायरीवर बसलेला असेन. डोळे उघडे ठेवीन. तू मात्र खुशाल माझ्याकडे बघ.

तुझा
दादा