चेन्नईतला माझा एक दिवस

९ फेब्रुवारी २०२५, सोलापूर

संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी मुलाचा, निखिलचा फोन. "आई, तुझं रेल्वेचं तिकीट रद्द केलं. सरप्राइज! आमच्याबरोबर विमानानं ये. चेन्नईला उतरलो की गाडीनं थेट बंदरावर."

म्हणजे आम्हा सगळ्यांच्या क्रूझच्या आधीचा चेन्नईतला माझा दिवस गेला. बसनं, मेट्रोनं एकटी फिरणार होते. वाटेत खायला कडक भाकरी नि शेंगांची चटणीही आणून ठेवली होती.

त्याला तसं सांगितलं, तर म्हणे, "एवढ्या मोठ्या शहरात गाडीशिवाय? हरवशील की!"

"अरे, आयुष्यभर भूगोल शिकवला मी."

"पुस्तकातला," म्हणाला. मागून सूनही हसली.

हरवले असते का? कदाचित. मग विचारलं असतं कुणाला तरी! हे होते तेव्हा प्रत्येक शहर गाडीच्या मागच्या सीटवरून पाहिलं. "थांबवा जरा" म्हणायचीही चोरी. आता हे नाहीत, तरी माझी सीट तीच.

कडक भाकरी महिनाभर टिकते. माझे गुडघे किती टिकतील, कोण जाणे.

निखिलला मेसेज टाकला आहे: मला न विचारता तिकीट का रद्द केलंस, ते उद्या दुपारी बारापर्यंत लेखी कळव. 'काळजीपोटी' हे उत्तर चालणार नाही.