विहारचा स्टॉप

आबा, तुमच्या रस्त्याच्या बसमध्ये आता फोन स्टॉपची नावं सांगतो. कंडक्टर म्हणून दारात उभं राहून, एक हात वरच्या दांडीला धरून तुम्ही ओरडायचात, ते काम. फोनला ते शिकवलं मी, तुमच्या लेकीनं. एवढंच ऐकलं असतंत तर खूश झाला असतात, म्हणून आधी तेवढं सांगून घेते. पुढचं सांगताना मला शिसारी येते.

मावळातल्या बसगाड्यांचं एक अ‍ॅप आहे. ते कुणा कंपनीचं नाही. आपापली नोकरी सांभाळून काही लोक ते फुकट बनवतात. त्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो. ज्याला जमेल त्यानं भर घालावी, दुसऱ्या दोघांनी तपासून होकार दिला की ती पक्की. मला ही रीत फार आवडली होती. रविवारी लोणावळ्याहून स्कूटर काढायची आणि आंदर मावळातले स्टॉप नोंदवत हिंडायचं. कुठं पत्र्याची शेड, कुठं नुसतंच झाड आणि त्याखाली ताटकळलेली माणसं. आईला वाचता येत नाही, म्हणून पुढचा स्टॉप बोलून दाखवायची सोय मी त्यात लिहिली. आपल्या वस्तीच्या स्टॉपला तुम्ही घ्यायचात तेच नाव दिलं, 'विहार'.

त्या नावापायी तुम्ही काय ऐकून घेतलंत, ते मी पाहिलंय. शाळेला सुट्टी आहे, मी तुमच्या गाडीत पुढं बसलेय. एक आजोबा तुमच्या-माझ्या जातीच्या नावाला 'वाडा' जोडून तिकीट मागतात. तुम्ही तिकिटांच्या पेटीला हातसुद्धा लावत नाही.

"तसा स्टॉप न्हाई हितं. विहार हाय."

"आरं, तेच की!"

"मग तेच म्हना."

सगळी गाडी हसली, आणि आजोबांनी तक्रार केली. लोक म्हणतात ते म्हणायला तुझं काय जातं, असं डेपोतल्या साहेबांनी तुम्हाला विचारलं. घरी येऊन तुम्ही चुलीपुढं बसलात. आई भाकरी थापत होती, तिनं वर बघितलं नाही. तुम्ही म्हणालात, "तोंड माजं हाय. त्यातनं काय भाईर काढायचं ते मी ठरवनार." आणि काढलंत ते एकच नाव, निवृत्त होईपर्यंत. शेवटी शेवटी तर ते आजोबाही 'विहार' म्हणायचे.

मध्यंतरी अ‍ॅपची नवी आवृत्ती आली. मी हौसेनं आईला बसमध्ये घेऊन गेले आणि फोन तिच्या हातात दिला. एकेक स्टॉप ऐकून ती मान डोलवत होती. वस्ती जवळ आली आणि फोननं, त्या गोड, धुतल्यासारख्या बाईच्या आवाजात, ते जुनं नाव उच्चारलं. मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. आईनं फोन पालथा करून माझ्या मांडीवर ठेवला.

"बंद कर त्ये," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत, "कुनी शिकिवलं गं त्येला?"

मी अ‍ॅप बंद केलं.

घरी येऊन शोधलं. ज्यांचा लोणावळ्यात शनिवार-रविवारपुरता बंगला आहे, अशा एका गृहस्थांनी नाव बदललं होतं. खाली कारण दिलं होतं, 'स्थानिक लोक हेच म्हणतात. अ‍ॅपमध्ये वस्तुस्थिती हवी, भावना नकोत.' होकार देणाऱ्या दोघांत एक मुलगी होती, माझ्या घरी राहून गेलेली, आईच्या हातचं कालवण मागून मागून खाल्लेली. मी नाव परत बदललं, गृहस्थांनी पुन्हा फिरवलं. शेवटी सगळे व्हिडिओवर जमलो.

कुणी शिवी दिली नाही, आबा. दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला उत्तर देता येतं. सगळे हसतमुख होते. "ताई, यात जात कुठून आली?" गृहस्थ कॉफी पीत म्हणाले. मी म्हटलं, "मी तिथलीच आहे. त्या वस्तीतली."

गृहस्थांनी कप खाली ठेवला. मग ते म्हणाले, "अरे वा! वाटलंच नव्हतं हो. मग तर तुम्हाला माहीतच असेल, लोक काय म्हणतात ते."

ते 'अरे वा' अजून माझ्या अंगावर पालीसारखं फिरतं. प्रकल्प सांभाळणाऱ्यानं तोडगा काढला की दोघांचंही बरोबर आहे, 'विहार' ठेवू आणि कंसात जुनं नाव. हात वर करायला सांगितलं. त्या मुलीनंही केला, दुसरीकडं बघत. फोन कंसातलंही मोठ्यानं वाचतो, हे मी सांगितलं. तोवर ते पुढच्या विषयाकडं वळले होते.

मी माझा कोड परत मागितला. तसा तो मिळत नसतो, एकदा दिला की सगळ्यांचा. म्हणजे माझ्या हातानं लिहिलेल्या ओळी रोज त्या रस्त्यावर ते नाव बोलतात. हात धुतले तरी घाण वाटते. नियमात बसतं म्हणून त्याच अ‍ॅपची नक्कल घेऊन मी वेगळं काढलं. त्यात आवाज माझा आहे आणि स्टॉप नुसता 'विहार'. आई वापरते, शेजारच्या मावशी वापरतात, वस्तीतली बाकीची काही माणसं वापरतात. बाहेरचे सगळे जुनंच वापरतात.

तुम्ही आता नाही, म्हणून हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, आणि ते कुठं टाकायचा माझा विचारही नाही. त्या लोकांचा वीट आला, संबंध तोडला, असं मी आईला सांगितलंय. पण त्यांचं अ‍ॅप माझ्या फोनमधून मी काढलेलं नाही. रोज उघडून आपला स्टॉप बघते. त्या मुलीनं तरी एखाद्या दिवशी तो कंस पुसला असेल, असं मला अजून वाटतं.