चालत्या शाफ्टावरचा पट्टा

उस्ताद, प्रताप नगरातल्या एका पिठाच्या गिरणीवाल्याला आज मी पट्टा कापून देत होतो. म्हणजे कापत होता माझा माणूस, मी नुसतं बोट ठेवून दाखवत होतो कुठून कापायचा ते. महालात माझं पट्ट्या-पुल्यांचं दुकान आहे, तुम्ही गेल्यावर वाढलं, बरं चालतं. गिरणीवाल्यानं सोबत त्याचा नवा ऑपरेटर आणला होता. मी बिल करायला आत वळलो तसा गिरणीवाला त्याच्या कानाशी लागला, "पाहून घे बे. भाऊ पहिले कापसाच्या जिनात होते. उस्तादाचं ऐकलं असतं तं आज हात राह्यला असता." हळूच म्हणाला बिचारा, आदरानंच म्हणाला. पण माझे कान तुम्हीच तयार केलेले. इंजिनाच्या गदारोळात कुठला बेअरिंग कोरडा आहे ते मी ओळखायचो, तिथं दुकानातली कुजबुज किती दूर राहणार? मी बाहेर आलो, हसलो, त्या दोघांना चहा पाजला, पट्टा गुंडाळून दिला, "घसरला तर राळ लावजो, लय नको लावू" असंही सांगितलं. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. मी मात्र दुकान माणसावर सोडलं. घरी आलो आणि हे लिहायला बसलो. डाव्या हातानं लिहितो. आता अक्षर बरं आहे.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा आमच्या वस्तीतल्या माणसाला जिनात कापसाचे बोजे उचलायला घ्यायचे, यंत्राला हात लावू द्यायचे नाहीत. नागपुरात धम्म घेऊन आम्हाला काही वर्षं झाली होती, पण जिनातला पाण्याचा माठ अजून जुन्याच धर्माचा होता. तुम्ही त्या माठातलं पाणी स्वतः गिलासात काढलं आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलं. एकजण काहीतरी पुटपुटला. तुम्ही म्हणालात, "काहून गा, तुले तहान नाई लागत का? का याच्या तहानेले वेगळं पाणी लागते?" मग माझ्याकडे वळून, "उद्यापासून बोजे नको उचलू. माया मागं मागं राहा. बोलू नको, ऐक." मी ऐकलं. इंजिन एकच, त्यावर फिरणारा छताखालचा लांब शाफ्ट एकच, आणि त्या शाफ्टावरून पट्टे उतरून सरकी काढणाऱ्या यंत्रांची अख्खी रांग चालायची. तुम्ही डोळे मिटून उभे राहायचे आणि मला विचारायचे, "सांग, कोन्ता बोंबलून राह्यला?" मी बोट दाखवायचो. बरोबर निघालं की तुमच्या डब्यातली अर्धी भाकर माझ्याकडे सरकायची. पुढे तर घरीच न्यायला लागलात. तुमच्या महालातल्या स्वयंपाकघरात मी चुलीशेजारी बसून काकीच्या हातचा पाटोडीचा रस्सा खाल्ला आहे. काकी मला पानात वाढायच्या, वेगळ्या ताटलीत नाही. हे मी विसरलो असतो तर सगळं किती सोपं झालं असतं.

पट्टा चढवायचंही तुम्हीच शिकवलंत. एखाद्या यंत्राचा पट्टा पुलीवरून घसरला की नियमानं इंजिन बंद करून, शाफ्ट थांबवून, मग पट्टा चढवायचा. तशी पाटीच होती भिंतीवर, मालकानं लावलेली, आणि तिच्या खिळ्याला तुमचा दुपट्टा वाळत असायचा. कारण शाफ्ट थांबला की सगळी रांग थांबायची, जिनात शांतता व्हायची, आणि शांतता झाली की शेठ ऑफिसातून बाहेर यायचा. तुमच्या अख्ख्या नोकरीत तुम्ही शेठला असं बाहेर येऊ दिलं नव्हतं, हा तुमचा अभिमान. म्हणून पट्टा चालत्या शाफ्टावर, हातानं. तळहाताची कड लावायची, बोटं कधी आत घ्यायची नाहीत, पट्ट्याशी भांडायचं नाही, त्याला फक्त रस्ता दाखवायचा, तो आपणहून चढतो. मी पहिल्यांदा चढवला त्या दिवशी तुम्ही सगळ्या फिटरांना चहा पाजला. जिनात रीतच होती ती, चालत्या शाफ्टावर पट्टा चढवला तो मिस्त्री, बाकी सगळे हमाल. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला काकीनं शिवलेली बिनबाह्यांची बंडी दिलीत. "बाही माणूस खाते," म्हणालात. "ही घालूनच शाफ्टाजवळ जात जा." मी तुमचं असं ऐकायचो की यंत्रात कापूस टाकणाऱ्या रेजा बाया मला चिडवायच्या. त्यातली सगळ्यात म्हातारी, जिला सगळे मावशी म्हणायचे, ती तर ओरडायची, "अवं पाहा वं, उस्तादानं शिंकलं तं ह्यो नाक पुसते!"

त्या दिवशी मी बंडीच घातली होती. मधल्या यंत्राचा पट्टा घसरला, तुम्ही पलीकडून हात केलात, जा म्हणून. मी गेलो. पट्ट्याचा सांधा नवा होता, त्यातली एक तार वर आलेली होती, आणि ती मला ऐकू आली. प्रत्येक फेऱ्याला टिक, टिक. मी त्या आवाजाकडे बघतोय तोवर ती तार तळव्यात शिरली आणि हात पट्ट्याबरोबर वर शाफ्टात गेला. पुढचं माझ्याकडे आवाजातच आहे. रेजांची किंकाळी, तुमची शिवी, पट्टा खाली पडल्याची थाप. तुम्ही तो लाकडानं उडवलात, नाहीतर हातापाठोपाठ मीही गेलो असतो. सायकलरिक्षात माझं डोकं तुमच्या मांडीवर होतं. दवाखान्यात, कोपरापासून खाली काही उरलं नाही हे कळल्यावर, तुम्ही खाटेवर बसून माझ्या पायाला हात लावून म्हणालात, "चूक आपली झाली गा. शाफ्ट बंद करायले पायजे होता." मी म्हणालो, "जाऊ द्या उस्ताद." तेव्हा मी खरंच जाऊ दिलं होतं.

भरपाईची केस मी केली ती शेठवर केली, तुमच्यावर नाही. वकील धरमपेठेतला होता, तरुण, हुशार. त्यानं मला एकच गोष्ट नीट समजावली होती. कामगाराला वारंवार सांगूनही त्यानं मुद्दाम हुकूम मोडला असं ठरलं, तर मालकाला काही द्यावं लागत नाही. पण जिनात सगळेच चालत्या शाफ्टावर पट्टे चढवतात आणि मिस्त्रीच तसं शिकवतो असं सिद्ध झालं, तर केस आपली. म्हणजे सगळा खेळ एवढ्यावरच होता, मी ऐकणारा होतो की न ऐकणारा. मला हसू आलं. म्हटलं, साहेब, मग केस संपलीच, माझ्या उस्तादांना बोलवा. वकील म्हणाले, तो अजून शेठच्या नोकरीत आहे, त्याच्यावर विसंबू नका, आणखी दोघं-तिघं आणा. मावशी तर मागंच लागली होती, "मले ने ना कोर्टात. मी सांगतो साहेबाले." मी तिला म्हणालो, "मावशी, उस्ताद येऊन राहिले. त्यांच्यावर आणखी कोणाला उभं करणं बरं दिसत नाही." शागीर्दानं उस्तादाच्या शब्दाला टेकू लावायचा नसतो, असं मला वाटलं. आपल्याकडे असंच होतं ना, उस्ताद? वकिलानं खांदे उडवले. तुमचं एकट्याचं नाव माझा साक्षीदार म्हणून लागलं.

साक्षीच्या दिवशी तुम्ही कोर्टात येता. धुतलेलं धोतर, टोपी, कपाळाला गंध. मला वाटतं, माझ्यासाठी नटून आलेत. माझा वकील विचारतो, याला पट्टा चढवायला कोणी शिकवलं? तुम्ही माझ्याकडे बघत नाही, खुर्चीवरच्या साहेबांकडे बघता आणि म्हणता, "साहेब, मी याले कई डाव सांगतलं, पहिले शाफ्ट बंद कर. पाटी बी दाखोली. हा ऐकतच नाई." वकील पुन्हा विचारतो, तुम्ही स्वतः कधी चालत्या शाफ्टावर पट्टा चढवला? तुम्ही म्हणता, "कधीच नाई." मी कान देऊन बसलो आहे. कोणीतरी पढवलेलं असेल तर आवाजात कुठेतरी खडखड येईल, एखादा शब्द अडकेल, घसा कोरडा पडेल, तेवढं मला ओळखता येतं. काही नाही. तेल दिलेल्या बेअरिंगसारखा तुमचा आवाज गुळगुळीत चालला होता, तोच आवाज, ज्यानं मला म्हटलं होतं, बोलू नको, ऐक. वकील माझ्यापाशी वाकला. "साक्षीदार फितूर झाला. परवानगी घेऊन मी त्याची उलटतपासणी करतो. दोन मिनिटांत उघडा पाडतो." मी म्हणालो, "नाही साहेब. उस्तादाला उलट विचारायचं नाही." त्यांना वाटलं मी वेडा झालो. तुम्ही ते ऐकलंत, तुम्ही हातभर अंतरावर उभे होतात, आणि तुमचेही कान माझ्याइतकेच तयार. तुम्ही टोपी नीट केली आणि उतरलात. बाहेर व्हरांड्यात मावशी बसलीच होती, न बोलावता आलेली. तिला कळलं तेव्हा ती तुमच्या मागं जिन्यापर्यंत धावली, "अरे, हा नाई ऐकत म्हनतं? हा तं तू काट्यावर बस म्हनशील तं काट्यावर बसन! मले बलावा ना कोनी आत!" पण साक्षी संपल्या होत्या.

निकाल शेठच्या बाजूनं गेला, आणि त्यानंतर तुम्ही मला जिनाच्या फाटकासमोरच्या टपरीवर बोलावलंत. दोन चहा सांगितलेत. मी म्हणालो, "काहून सांगितलं तुम्ही तसं?" तुम्ही बशीत फुंकर घालत बसलात. "मंग काय सांगू? मीच शिकवलं म्हनू? कारखान्याच्या इन्स्पेक्टरनं मलेच धरलं असतं. घरी पोरी हायेत गा लग्नाच्या." तुम्ही एक घोट घेतलात. "केस तं तू हरनारच होतास. शेठापुढं आपन काय? म्हनून मी पहिलेच बोलून ठेवलं त्याच्यापाशी. चौकीदारीची जागा ठेवली हाय तुयासाठी. पक्की नोकरी. फाटक तं एका हातानंबी उघडते." तुमच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं माहीत आहे? समाधान. माझं भलं करून आल्याचं समाधान. मला विकलंत असं तुम्हाला वाटतच नव्हतं, माझ्यासाठी चांगला सौदा करून आलात असंच वाटत होतं. मी चहा संपवला, कप ठेवला, आणि म्हणालो, विचार करून सांगतो. तुमच्याशी मी खोटं बोललो ते तेवढंच.

वरच्या कोर्टात अपील केलं. वकिलानं ते जिद्दीनं लढवलं. मालकाच्या डोळ्यांदेखत रोज होणारी गोष्ट हुकूम मोडणं कशी होईल, असं तो सांगत होता, सगळं इंग्रजीत. मला फक्त आवाज कळत होते. एका ठिकाणी जजसाहेबांनी काहीतरी शांतपणे विचारलं आणि वकिलाची पट्टी एकदम खाली आली, त्यानं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. पायऱ्यांवर त्यानं मला सांगितलं, काय विचारलं होतं ते: हा तर तुमचाच साक्षीदार, तो खोटं बोलला म्हणता, मग त्याला तुम्ही उलट का नाही विचारलं?  उत्तर होतं, पण ते कोर्टात सांगता येण्यासारखं नव्हतं. निकालाचा अर्थ वकिलानं मराठीत वाचून दाखवला. हात कामावर असताना गेला हे कोर्टाला मान्य. पण कामगार वारंवार समज देऊनही न ऐकणारा, आणि असं सांगणारा त्याचाच उस्ताद, प्रामाणिक साक्षीदार. अपील नामंजूर. हात गेला त्याचं मी रडलो नव्हतो. पायऱ्यांवर मी वकिलाला म्हणालो, साहेब, ते 'न ऐकणारा' तेवढं काढता येईल काय? पैसे नको. ते म्हणाले, ते काढलं तर काहीच उरत नाही.

चौकीदारी मी घेतली नाही. गिरण्या-गिरण्या फिरायला लागलो. बाहेर उभं राहून ऐकायचो आणि मालकाला सांगायचो, तुमची पुली वाकडी आहे, आठवड्यात पट्टा तोडेल. तोडला की मला बोलवायचे. लोक म्हणायचे, एका हाताचा मिस्त्री कसा चालेल? मी म्हणायचो, हात भाड्यानं मिळतात, कान मिळत नाहीत. त्यावर माणसं हसली, हसली की काम द्यायची, असं करत करत दुकान झालं. कामाला आलेल्या प्रत्येकाला सांगतो, मशीन आधी बंद कर. तेही ऐकतात. मी ओरडून सांगतो, चारचौघांत, साक्षीदार ठेवून. हसतो मी, पण ते खरं आहे.

तुमच्याविषयी मी कधी कोणाजवळ बोललो नाही. पोरींच्या लग्नाची काळजी मला कळते, मला स्वतःला मुली आहेत. इन्स्पेक्टरची भीती कळते. त्या चौकीदारीतली माया पण कळते. तरी शेवटी एवढंच उरतं, की तुमच्या मागं मागं मी वर्षानुवर्षं काय केलं ते जगात दोघांनाच पक्कं ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकानं शपथेवर उलटं सांगितलं. आता गिरणीवाले तेच सांगतात. ते खोटं बोलत नाहीत, त्यांनी जे ऐकलं तेच बोलतात.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घरात कोणाला वाचून दाखवायचं नाही, एवढं ठरवूनच लिहिलं. फक्त एक राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी घाटावर आलो होतो. चिता पेटली आणि मी लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो. लोकांनी मला धरलं. कोणीतरी म्हणालं, "एवढं होऊनही पाहा, शागीर्द असावा तं असा." काकींनीही मान डोलावली.  पण उस्ताद, मी तुमच्यासाठी नव्हतो रडत. मी अजून वाट बघत होतो, की एक दिवस तुम्ही दुकानात याल, माणसांदेखत बसाल, आणि म्हणाल, हा ऐकत होता.