पैलवानाचा कोपरा

सेलम,
रविवार, दुपार

प्रिय संयोगिता,

पत्र बघून दचकू नकोस, सगळं बरं आहे. माझं अक्षर तुला पहिल्यांदाच दिसतंय. शाळा सुटल्यावर पेन धरलं ते सही करायलाच, तेव्हा चुका काढत बसू नकोस. दुकानातला लालासाहेब दसऱ्याला विट्याला चाललाय, त्याच्या हातात हे देतोय. फोनवर बोललो असतो, पण आपल्या घरात फोन म्हणजे चावडी. आई स्पीकर लावून मधी बसती आणि तू लांबनं नुसतं "हां, हां" करतीस.

आधी पैलवानाचं. आई परवा म्हणाली, ससा घरभर मुततोय, काल तर घटाच्या पुढ्यातच मुतला, आता दसरा झाला की मळ्यातल्या रंगुबाईला देऊन टाकायचा. मी काही बोलायच्या आत मागनं तुझा आवाज आला, "द्या देऊन. मला काय." ते मी ऐकलं. आईला म्हणालो, दिवाळीपतुर थांब. ती म्हणाली, "बघू." आईचं बघू म्हणजे काय, ते तुलाही आता कळायला लागलं असंल.

पैलवान बिघडलेला नाही गं, आपणच त्याला बिघडवलाय. लग्नानंतर मी घरी होतो तेव्हा आपण दोघांनी त्याला टबात बसायला शिकवलं होतं. तू म्हणायचीस, "तुमच्यापेक्षा लवकर शिकला." तो एवढा शहाणा ससा एकदम घरभर कसा करायला लागला, याचा मी इथं सोनं गाळायच्या भट्टीपुढं बसून विचार केला. मग ध्यानात आलं. तुम्ही दसरा काढलात. वाकळा कॅनॉलवर धुतल्या, डबे घासले, भिंती झाडल्या, आणि त्या झपाट्यात त्याचा टबही फिनेल टाकून लख्ख केला. त्याच्या कोपऱ्यात घट बसवला आणि टब नेला मागच्या दाराला, धुण्याच्या दगडापाशी. टबाला त्याचा वास राहिला नाही, आणि जागा तर गेलीच. तो बिचारा आपल्याच जागेवर जातोय. त्याच्या मनानं देवच त्याच्या कोपऱ्यात येऊन बसलाय. हे आईला वाचून दाखवू नकोस.

इथं दुकानामागं सेल्वीअक्का राहती. तिच्याकडं सशांचा मोठा पिंजरा आहे. तिला विचारायला गेलो. इरोडला होतो, मदुरैला होतो, आता सेलम झालं, पण एका गावात बूड टेकलं असतं तर भाषा आली असती. मुतणे याला तमिळमध्ये काय म्हणतात ते मला येईना, म्हणून करून दाखवलं. सगळी गल्ली हसली. अक्का तर पायरीवर बसून हसली. पण मग तिनं नीट सांगितलं, ते असं.

टब मागच्या दाराचा उचल. घट उठेपर्यंत त्या कोपऱ्याच्या जवळात जवळ, आणि घट उठला की जुन्या जागी. पैलवानाला घरभर मोकळा सोडू नकोस. दोन फळ्या आडव्या लावून टबाभोवती तेवढीच जागा ठेव. टबात कागद पसर आणि एका कडेला सुकं गवत, वर थोडा लसूणघास ठेव. ससा खाता खाताच हगतो, म्हणून चारा तिथंच पाहिजे. बाहेर मुतला तर ओरडायचं नाही. फिनेलही नको. चायनीजच्या गाड्यावर व्हिनेगर असतं ना, ते आणून निम्मं पाणी घालून पुस, वास मरतो. आणि त्याच्या लेंड्या उचलून टबात टाक, एखादा भिजलेला कागदही राहू दे. टब धुतलास तरी ते थोडं परत ठेवायचं. आई नाक मुरडंल. तिला म्हण, "आवं आत्या, दुकानातली झाडलोट टाकता व्हय तुमी?" आमच्या अण्णांनी जन्मभर गलाईच्या दुकानातली धूळ पोत्यात भरून ठेवली, हात पुसायचं फडकंसुद्धा फेकू दिलं नाही, सोन्याचा कण जाईल म्हणून. तिला लगेच पटंल. त्यानं जागा धरली की मग एकेक खोली मोकळी कर, घाई नको. आणि अक्का म्हणाली, नर वयात आला की असाही शिंपडतो. महिन्याभरात सुधारला नाही, नाहीतर मुतताना कुंथायला लागला, तर गुरांच्या दवाखान्यात ने. डॉक्टर बघून सांगतील.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. भट्टीनं हात काळे झालेत, भात खाऊन पोट भरत नाही. भाकरीची आठवण येते. शेठ तापट आहे, पण मी ऐकून घेतो. पहिल्यासारखा कपडे भरून निघत नाही.

आता तुझं. "मला काय" हे तू आधी कधी म्हणाली नव्हतीस. पैलवानाला ताप आला होता तेव्हा तू जेवली नव्हतीस, ती तू. आणि आई बोलता बोलता म्हणून गेली की कराडला माहेरी जायला तू मोठी बॅग काढलीस, परत कधी ते विचारलं तर बोलली नाहीस. कराडला गेलीस तरी मी येईनच. पण मग तुझे भाऊ बसतील, माझे चुलते बसतील, चहा होईल, चार माणसं मला शहाणपण सांगतील, आणि तू आत उभी राहून ऐकशील. तसं तुला आणायचं नाही मला. म्हणून अक्काची वरची खोली घेतलीय. तिला सांगितलं, बायको येणार, ससा येणार. ती म्हणाली, बायको कशीही चालंल, ससा तेवढा टबात बसणारा पाहिजे. दिवाळीची आंघोळ घरी करतो आणि तुम्हा दोघांना घेऊन निघतो. आईला मीच सांगीन, ते तुझ्यावर नाही. तोवर बॅग भरलेली असली तर असू दे, फक्त विट्यातच असू दे. गाडीवाल्याला विचारून ठेवलंय. "टोपलीतनं आणा, पण गाडीत मुतला तर तुमीच पुसायचं," म्हणाला. मी हो म्हणून बसलोय.

तुझाच,
जयराज