अजून पाव फेरा

३ मार्च, सोमवार

पुन्हा घसरली! बॅटरीवरच्या सायकलची चेन, दवाखान्याच्या चढावर, ऐन मध्यावर. मोटर घोंघावतेय, मी जीव खाऊन पॅडल मारतेय, आणि चेन आपली खटाक-खटाक करत जागच्या जागी. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून दमला. शेवटी उतरले आणि ते धूड ढकलत दुकानात पोचले. चष्म्याला काचा बसवणारी बाई, आणि घामानं स्वतःलाच दिसेना – गिऱ्हाईक बघतच राहिलं.

घरी वन्संना सांगितलं. सायकल सकाळी मी नेते, संध्याकाळी त्या – तलावावर बायकांना पोहायला शिकवतात. म्हणाल्या, माझ्या वेळी तर काही होत नाही, तू पॅडलवर नाचत असशील. मी नाचते!

४ मार्च

आज त्यांच्या वेळी घसरली. आधी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण गुडघा फोडून घेऊन आल्या. आणि नेमका तेव्हाच त्यांच्या लेकीचा फोन! भाची कसली, इन्स्पेक्टरच ती. आईनं आपल्याकडे राहायला यावं हा तिचा जुना हट्ट. गुडघ्याचं ऐकलं आणि तिनं फर्मान काढलं – रविवारी येते, सायकल स्वतः चढावर चालवून बघते. घसरली तर आईनं सामान बांधायचं.

वन्सं म्हणाल्या, बरं. नुसतं बरं! एरवी दूधवाल्याशीसुद्धा अर्धा तास वाद घालतील.

हे गेले तेव्हा आठ दिवस म्हणून आल्या होत्या. सहा वर्षं झाली. रेडिओ मोठ्यानं लावतात, माझ्या भाजीत माझी पाठ वळली की मीठ टाकतात, डब्यांची झाकणं अशी आवळतात की उघडायला त्यांनाच हाक मारावी लागते. सुटले, असं वाटायला हवं. नाही वाटत. घर खायला उठेल मला.

५ मार्च

सायकलवाल्याकडे नेली. चेन ठीक, मागचे दातेही ठीक. गिअरच्या वायरचा ताण तेवढा बिघडलाय म्हणाला. मागच्या चाकाजवळ वायर शिरते तिथला छोटा गोल स्क्रू त्यानं फिरवला आणि मला चढावर पिटाळलं. एकदाही खटाक नाही! वर बजावलं – आता याला हात लावायचा नाही. वायर कमी ताणली तरी घसरते, जास्त ताणली तरी.

६ मार्च

सकाळी निघताना राहवेना. आमच्या दुकानात कुठलाही स्क्रू बसला की शेवटी अजून पाव फेरा देतात, नाहीतर चष्म्याची दांडी गिऱ्हाइकाच्या हातात येते. हात शिवशिवला. दिला पाव फेरा. रविवारपर्यंत तरी टिकायला नको?

घसरली!!

म्हणजे ताण कमीच पडला असणार. घरी येऊन आणखी एक पाव दिला.

७ मार्च

दुपारी डोकं दुखतंय म्हणून लवकर आले. फाटकातूनच दिसलं – वन्सं सायकलमागे उकिडव्या बसलेल्या, आणि बोटं त्या स्क्रूवर!

तरीच! मी सावरते आणि ह्या बिघडवतात. लेकीकडे जायचंय, पण तोंडानं सांगवत नाही. फाटक न वाजवता परत फिरले, गल्लीला दोन चकरा मारल्या. फार लागलं मनाला. डोकं दुखायचंही थांबलं.

८ मार्च

चढावर अर्थातच घसरली. पुन्हा सायकलवाला. कोण पिळतंय हा स्क्रू, म्हणाला. मी म्हटलं, देव जाणे. त्यानं पुन्हा नीट लावून दिली.

घरी आल्यावर सवयीनं बोटं स्क्रूकडे गेली, ती मागे घेतली. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी मी कशाला मरू? वन्संशी बोललेही नाही. गंमत म्हणजे त्याही बोलल्या नाहीत. तलावावर पायी गेल्या. सायकलकडे फिरकल्याही नाहीत.

९ मार्च, रविवार

भाची हेल्मेट घालूनच आली. तीनदा चढ चढली. एक खटाक नाही! चिडून ब्रेक दाबून पाहिले, टायर चिमटून पाहिले. हाती काही लागेना. शेवटी चहा पिऊन एकटीच परत गेली.

वन्संच्या चेहऱ्यावर ना आनंद, ना दुःख. माझ्याकडे बघेनात.

१० मार्च

सकाळी विचारलंच. जायचं होतं तर सरळ सांगायचं, लपून सायकल कशाला बिघडवत होता?

त्या म्हणाल्या, "मी घट्ट करत होते गं, रविवारी दगा देऊ नये म्हणून. पण गुरुवारी खिडकीतून तू तो फिरवताना दिसलीस. तू सैल करतेस असं वाटून शुक्रवारी पुन्हा आवळला. मग वाटलं, मी तुला जड झालेय, कशाला आवळू?"

मग मीही माझे पाव फेरे सांगितले. आज दुकानात बऱ्याच उशिरा गेले.